कुत्र्याच्या उंचीवरून मोटरहोम

जुनं मोटरहोम विकत घेताना माणूस ते आपल्या उंचीवरून बघतो. छताला ओल आलीय का, शेगडी पेटते का, बिछान्यात पाय पसरता येतात का, इंजिन किती मैल पळालंय. हे सगळं बघायलाच हवं. पण ज्यांच्या घरात कुत्री आहेत त्यांनी आणखी एक पाहणी करावी, गुडघे टेकून, जमिनीपासून दीड फुटावरून. गळलेला गॅस तळाशी साचतो, इंजिनची धग खालून येते, उंदीर खालून शिरतात, आधीच्या मालकाने ठेवलेलं उंदराचं औषध खालच्याच कपाटात असतं. कुत्रं शनिवार-रविवार राहतं ते नेमकं याच थरात. म्हणून सुरुवातीच्या सहली कुत्र्यांना समोर ठेवून आखल्या, तर गाडीचे बरेचसे दोष घरापासून तासाभराच्या अंतरावरच कळतात.

मोटरहोम म्हणजे ट्रकच्या किंवा मोठ्या व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेलं वन रूम किचन. पाण्याच्या तीन टाक्या असतात: चांगल्या पाण्याची, मोरीच्या सांडपाण्याची आणि संडासाची. एक गॅसची टाकी, इंजिनची एक बॅटरी आणि घराची वेगळी बॅटरी. मी मिशिगन राज्यात राहतो. इथे एप्रिल उजाडला की हिवाळाभर ताडपत्रीखाली झाकलेल्या वीस-पंचवीस वर्षांच्या गाड्या अंगणात ‘विकणे आहे’ची पाटी लावून उभ्या राहतात. त्या घेणाऱ्यांत कुत्रेवाले पुष्कळ. मोठं कुत्रं विमानात बसलेल्या माणसाच्या पायाशी मावत नाही, सगळी हॉटेलं कुत्री घेत नाहीत, आणि दर सुट्टीला त्यांना परक्याकडे ठेवायला मन होत नाही.

ही हौस जुनी आहे. १९६० च्या शरदात, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, जॉन स्टाइनबेक जीएमसीच्या पिकअप ट्रकवर लाकडी-पत्र्याची खोली चढवून अमेरिका बघायला निघाला. सोबत चार्ली नावाचा म्हातारा पूडल होता. गाडीचं नाव होतं रोसिनान्ते, डॉन किहोतेच्या घोड्यावरून घेतलेलं. ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ १९६२ मध्ये आलं आणि त्याच वर्षी स्टाइनबेकला नोबेल मिळालं. ती गाडी आज कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास गावच्या संग्रहालयात आहे. त्या प्रवासात चार्लीला लघवीचा त्रास झाला आणि वाटेत डॉक्टर शोधावा लागला. म्हातारं कुत्रं घेऊन निघणाऱ्याने त्या पुस्तकातलं एवढं तरी ध्यानात ठेवावं: मुक्कामाची जागा ठरवण्याआधी जवळचा जनावरांचा दवाखाना शोधावा, आणि तो रविवारी उघडा असतो का तेही विचारून ठेवावं.

सामान्य माणसाला मोटरहोम परवडू लागलं ते त्यानंतर. आयोवातल्या फॉरेस्ट सिटी या लहानशा गावात विनेबागो कंपनीने १९६६ मध्ये कारखान्यात ओळीने मोटरहोम बांधायला घेतली. जीएमसीने १९७३ ते १९७८ या काळात पुढच्या चाकांना जोर देणारं एक मोटरहोम काढलं. मागच्या चाकांकडे जाणारा दांडा नसल्यामुळे त्याची जमीन रस्त्यापासून खूप खाली ठेवता आली. त्या गाडीच्या देखणेपणावर आजही लोक लुब्ध असतात, पण सांधे धरलेल्या कुत्र्याला तिची ती खाली आलेली जमीनच सगळ्यात मोलाची. बाकीच्या गाड्यांना दाराशी दोन-तीन उंच पायऱ्या असतात, त्याही भोकाभोकांच्या लोखंडी पत्र्याच्या. भोकांतून खालची जमीन दिसते, पत्रा हलतो, नख अडकतं. एकदा नख अडकलं की कुत्रं दुसऱ्यांदा पायरीवर पाय ठेवत नाही. आमची चौदा-पंधरा वर्षांची लॅब्रॅडॉर राणी सावधपणे पुढचा एक पाय ठेवते, थांबते, वर आमच्याकडे बघते. पायऱ्यांवर जुन्या गालिच्याची पट्टी घट्ट बांधली की हा प्रश्न सुटतो. पट्टी सैल राहिली, तर मात्र ती नसलेली बरी.

आत शिरल्यावर पहिलं काम झाडलोट. ते सहलीच्या दिवशी न करता आदल्या आठवड्यात करावं. हिवाळाभर उभ्या असलेल्या गाडीत उंदीर शिरतातच, आणि त्यांच्यासाठी आधीच्या मालकाने काय काय ठेवलं असेल याचा नेम नाही. उंदराच्या औषधांपैकी बरीच रक्त गोठू न देणारी असतात. कुत्र्याने खाल्ली तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. शरीरातला रक्त गोठवणाऱ्या घटकांचा साठा संपायला वेळ लागतो, आणि रक्तस्राव सुरू होतो तीन ते पाच दिवसांनी. म्हणजे शनिवारी पलंगाखालची गोळी खाल्लेलं कुत्रं मंगळवार-बुधवारी घरी आजारी पडतं, तेव्हा सहलीशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही. वेळेवर कळलं तर के जीवनसत्त्वाने उपचार होतो. म्हणून प्रत्येक खण पूर्ण बाहेर काढावा, त्याच्या मागची पोकळी बॅटरी लावून बघावी. डांबराच्या गोळ्याही अशाच कोपऱ्यांत सापडतात. उंदीर त्यांना फारसे घाबरत नाहीत, कुत्र्याला मात्र त्या विषारी असतात.

पुढची गोष्ट गाडीखालच्या ओल्या डागाची. हिवाळ्यात नळ फुटू नयेत म्हणून पाण्याच्या नळ्यांत गुलाबी द्रव भरतात. तो सहसा प्रॉपिलीन ग्लायकॉलचा असतो आणि बराच कमी घातक. इंजिनच्या रेडिएटरमधला द्रव वेगळा. त्यात सहसा इथिलीन ग्लायकॉल असतं, ते गोडसर लागतं आणि थोडंसं चाटलं तरी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होतात. रंगावर भरवसा ठेवू नये, कारण रेडिएटरचा द्रवही गुलाबी किंवा नारिंगी मिळतो. जुन्या गाडीचे रबरी पाइप उन्हाळ्यातल्या पहिल्या लांब चढावर गळायला लागतात, आणि थांबल्यावर कुत्री नेमकी गाडीच्या सावलीत, त्या डागाशेजारी बसतात. गाडी थांबली की कुत्री खाली उतरवण्याआधी वाकून खाली बघावं.

टायरांचं थोडक्यात. मोटरहोमचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, कारण गाडी वर्षातले बहुतेक दिवस उभीच असते. ऊन आणि ओझोनमुळे कडेच्या रबराला बारीक भेगा पडतात. टायरच्या कडेवर अमेरिकी संकेतांकाच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही ठसठशीत दिसली तरी दहा वर्षांचा टायर लावून कुणाला घेऊन जाऊ नये.

आता गॅस, बॅटरी आणि कुत्र्याचे कान. या तिघांची साखळी सुरुवातीच्या सहलींत हमखास पुढे येते, म्हणून जरा थांबून सांगतो.

शेगडी, पाणी तापवायचा बंब, फ्रिज आणि खोली गरम करणारी भट्टी, हे सगळं प्रोपेनवर चालतं. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड. आपल्या घरच्या सिलिंडरमधला गॅसही हवेपेक्षा जडच असतो. तो गळला तर जमिनीलगत पसरतो, म्हणून गॅस ओळखणारं यंत्र जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवलेलं असतं. नेमकी तीच जागा कुत्र्याच्या गादीसाठी किंवा खाण्याच्या पोत्यासाठी सोयीची वाटते आणि यंत्राचं तोंड झाकलं जातं. कार्बन मोनॉक्साइडचं यंत्र वेगळं. तो वायू हवेत सहज मिसळतो, त्याला वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. या यंत्रांना वय असतं. पाच-सात वर्षांनी आतला संवेदक निकामी होतो, मग हिरवा दिवा लागत असला तरी त्याला अर्थ नसतो. जुन्या गाडीत आधी ही यंत्रं बदलावीत, पडदे नंतर. गॅसच्या नळीचे सांधे साबणाच्या फेसाने तपासावेत.

मिशिगनमध्ये एप्रिलअखेरीस रात्री पारा शून्याजवळ येतो. भट्टी गॅसवर जळते, पण गरम हवा ढकलणारा पंखा घराच्या बॅटरीवर चालतो आणि सात-आठ अँपिअर वीज ओढतो. रात्रीच्या दहा तासांत तो निम्मा वेळ चालला तरी पस्तीस-चाळीस अँपिअर-तास गेले. नवी बॅटरी शंभर अँपिअर-तासांची असते, पण शिशाची साधी बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे वापरायला पन्नास. जुन्या बॅटरीची ताकद आधीच निम्मी झालेली असेल तर हाती पंचवीसच उरतात. हिशेब असा की पहाटे दोन-तीनच्या सुमारास व्होल्टेज पडतं, पंखा मंदावतो, भट्टी बंद होते. मग गॅसचं यंत्र कमी व्होल्टेजची सूचना म्हणून थांबून थांबून ‘चिक्’ असं वाजू लागतं.

माणूस कूस बदलून झोपतो. कुत्र्याची दशा वेगळी. माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०२१ मध्ये घरगुती आवाजांना घाबरणाऱ्या कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सलग चालणाऱ्या घरघरीपेक्षा थांबून थांबून येणारा उंच पट्टीचा आवाज, म्हणजे धुराच्या यंत्राची बॅटरी संपत आल्यावरची चिकचिक, कुत्र्यांना जास्त अस्वस्थ करते असं त्यात दिसलं. अशा वेळी कुत्रं धापा टाकतं, थरथरतं, ओठ चाटत राहतं, दाराशी जाऊन उभं राहतं. ‘याला गाडी मानवत नाही’ असा निष्कर्ष काढून लोक सहली सोडून देतात. खरं कारण असतं संपत आलेली बॅटरी. निघण्याआधी गाडी काही तास काही न वापरता उभी ठेवून व्होल्टेज मोजावं. १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.१ च्या आसपास निम्मी. आणि पहिली थंड रात्र आपल्याच दारात, गाडीत झोपून काढावी. कुत्री आत, भट्टी चालू, बाहेरची वीज काढलेली. बॅटरी जुनी झाली असेल तर तिचं पितळ त्या एका रात्रीत उघडं पडतं.

प्रवासात कुत्र्याला कुठे बसवायचं? बहुतेकांना मागचा मोठा पलंग सुचतो. जुन्या गाड्यांचा मागचा भाग चाकांच्या पलीकडे लांबवर गेलेला असतो, त्यामुळे सगळ्यात जास्त हेलकावे तिथेच बसतात. माणसांवरच्या प्रयोगांत पाच सेकंदांत एक या संथ लयीचं हलणं सर्वांत जास्त मळमळवतं असं आढळलं आहे, आणि वळणावळणांचा रस्ता जवळपास तीच लय धरतो. कुत्र्याचा पिंजरा दोन आसांच्या मध्ये, खाली, जमिनीला कड्यांनी जखडलेला असावा. जेवणाच्या बाकाचे पट्टे बऱ्याच जुन्या गाड्यांत नुसत्या लाकडाला ठोकलेले असतात. त्यांच्यावर विसंबू नये. निघण्याआधी भरपेट खायला देऊ नये. पिल्लांना त्रास जास्त होतो, वयाबरोबर बहुतेकांचा कमी होतो. तरीही उलट्या थांबल्या नाहीत तर मॅरोपिटंट हे औषध पशुवैद्य देतात.

व्हॅनच्या सांगाड्यावरच्या गाडीत इंजिनचा मागचा भाग पुढच्या दोन खुर्च्यांच्या मध्ये येतो, त्यावर झाकण असतं. थंडीत ती जागा उबदार, म्हणून कुत्री तिथे जाऊन लवंडतात. झाकणाची रबरी कड जुनी झाली की तिथून धग आणि धूर दोन्ही येतात. चालत्या गाडीत मागची खिडकीही उघडू नये. उंच चौकोनी गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर त्या खिडकीतून आत ओढला जातो. कुत्र्याला वारा हवा म्हणून उघडलेली ती खिडकी त्याच्याच नाकाशी विष आणते.

पण या सगळ्यापेक्षा मोठा धोका उन्हाचा, आणि त्याबाबत मी कुणाशीही तडजोड करणार नाही. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उन्हात उभ्या बंद मोटारीतलं तापमान मोजलं होतं. बाहेर २२ ते ३६ अंश सेल्सिअस असलेल्या वेगवेगळ्या दिवसांत आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी चढलं, आणि त्यातली ऐंशी टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. मोटरहोम मोटारीपेक्षा मोठं, भिंतींत थोडं उष्णतारोधक असतं, म्हणून ते काहीसं सावकाश तापेल. पण पुढची प्रचंड काच उन्हाकडे असेल तर तो दिलासा फार वेळ टिकत नाही.

कुत्र्याच्या शरीराचं सामान्य तापमान ३८.३ ते ३९.२. त्याला घाम जवळपास फक्त पंजांना येतो, उष्णता बाहेर टाकायचा मुख्य मार्ग म्हणजे धापा. धापा टाकताना जिभेवरचं, श्वासमार्गातलं पाणी वाफ होऊन जातं आणि रक्त थंड होतं. हवा दमट असेल तर ही वाफ होत नाही. बंद खोलीत दोन-तीन कुत्री धापा टाकू लागली की ती स्वतःच हवा दमट करत जातात आणि प्रत्येकाची धाप निरुपयोगी होत जाते. चपट्या नाकाच्या पग-बुलडॉगना त्याहून कठीण. तापमान ४१ च्या पुढे गेलं की आतले अवयव निकामी होऊ लागतात. अशा वेळी आधी थंड करायचं, मग दवाखान्यात न्यायचं. अंगावर गार पाणी ओतावं, वारा घालावा आणि थंड करत करतच न्यावं.

‘आमच्याकडे एसी आहे’ असं म्हणून लोक कुत्री आत ठेवून टेकडी चढायला जातात. एसी आहे, पण तो कशावर चालतो ते बघा. जुन्या गाड्यांना बहुधा ३० अँपिअरची जोडणी असते. १२० व्होल्टला ३,६०० वॅट. छतावरचा एसी १३ ते १५ अँपिअर घेतो, मायक्रोवेव्ह बाराच्या आसपास, बंब विजेवर टाकला तर आणखी बारा. तिन्ही एकत्र लागले की खटका पडतो. तुम्ही निघताना चहा गरम केला, बंब बंद करायचा राहिला, आणि दहा मिनिटांनी खोलीतला गारवा संपला. शिवाय भर दुपारी सगळ्या मुक्कामावरचे एसी एकदम चालू झाले की खांबावरचं व्होल्टेजच पडतं. एसी जळू नये म्हणून बसवलेलं संरक्षक यंत्र अशा वेळी वीज तोडतं. यंत्र आपलं काम चोख करतं, आत कुत्रं भाजतं. तापमान कळवणारी साधनं मिळतात, पण ती मोबाइलच्या जाळ्यावर चालतात आणि जंगलातल्या मुक्कामांवर जाळं बऱ्याचदा नसतं. म्हणून निदान पहिल्या उन्हाळ्यात एक माणूस कुत्र्यांपाशी राहील अशीच आखणी करावी. टेकडी आळीपाळीने चढता येते. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाचं धोरण आणलं. मार्च ते मेच्या उन्हात कुणी कुत्र्यासह निघणार असेल तर हे सगळं त्याला दुप्पट लागू आहे.

उन्हाशी जोडलेली एक लहान गोष्ट म्हणजे पाणी. जुन्या टाकीतल्या पाण्याला प्लॅस्टिकचा, शेवाळाचा वास येतो. ब्लीच घालून टाकी धुतली तरी पहिले काही दिवस क्लोरीनचा वास राहतो. माणसं ते पितात, कुत्री वाटी हुंगून मागे फिरतात. घरचंच पाणी कॅनमध्ये भरून न्यावं, एवढाच उपाय.

कुठे जायचं, तर अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांचा सर्वसाधारण नियम असा: पट्टा सहा फुटांहून लांब नको, कुत्रं बांधून एकटं सोडू नये. पुढचं उद्यानागणिक बदलतं. मेनमधल्या अकेडियात शंभर मैल पायवाटा कुत्र्यांना खुल्या आहेत. यलोस्टोनमध्ये पायवाटा आणि फळ्यांचे रस्ते पूर्ण बंद, रस्त्यापासून शंभर फुटांपलीकडे नेता येत नाही. तिथे १९८१ मध्ये वाहनतळावरून सुटलेलं एक कुत्रं उकळत्या झऱ्यात पडलं, त्याला वाचवायला एका तरुणाने उडी घेतली, दोघेही गेले. आमच्याकडे मिशिगन सरोवराच्या काठी स्लीपिंग बेअर ड्यून्स आहे. तिथल्या बऱ्याच वाटांवर पट्टा लावलेली कुत्री चालतात, पण प्रसिद्ध वाळूच्या चढावर नाहीत. काही किनारे पायपिंग प्लव्हर हा दुर्मीळ पक्षी वाळूत घरटी करतो म्हणून बंद असतात. मुठीत मावेल एवढा पक्षी, वाळूच्याच रंगाचा. कुत्र्याने नुसता पाठलाग केला तरी अंडी उघडी पडतात. हा नियम मला मनापासून पटतो.

रविवारी परतताना सांडपाणी सोडायच्या जागी कुत्र्यांना खाली उतरवू नये. आणि घरी पोचल्यावर, सामान उतरवण्याच्या आधी, गोचिडी बघाव्यात: कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली, शेपटीच्या मुळाशी. पश्चिम मिशिगनमध्ये काळ्या पायांच्या गोचिडी रुजल्या आहेत. त्यांच्यातून लाइम रोगाचे जंतू अंगात जायला गोचीड सहसा दीड-दोन दिवस चिकटलेली असावी लागते. शनिवारी चिकटलेली रविवारी संध्याकाळी निघाली तर बहुधा वेळेत निघते.

एक थंड रात्र, एक उन्हाची दुपार आणि एक धो धो पाऊस, एवढं गाडीने आणि कुत्र्यांनी घराजवळ सोसलं की मग उत्तरेला मॅकिनॉ पुलापलीकडे जायला हरकत नाही. १९५७ मध्ये खुला झालेला हा पूल पाच मैल लांब आहे. वारा जोराचा असला की उंच गाड्यांना थांबवतात, सोबतीला गाडी देऊन सोडतात. अशा दिवशी अलीकडेच मुक्काम करावा. पुलाच्या चार मार्गिकांपैकी आतल्या दोन उघड्या पोलादी जाळीच्या आहेत आणि त्यांवर टायर मोठ्याने गुंजतात. कुत्री आत असतील तर बाहेरच्या, भरीव मार्गिकेतून सावकाश जावं.